अकरा ते तीनचा मासा

"मासे खाता का?"

नंदनवन नावाच्या वस्तीत खोली पाहायला गेलो तेव्हा मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, नोकरी कुठे, लग्न झालं का, काही नाही. बनियन-पायजाम्यातला एक हडकुळा म्हातारा दारात उभा राहून माझ्या तोंडाकडे पाहत होता, दातात एखादा काटा अडकलेला दिसतो का ते शोधत असल्यासारखा. मी उमरेडजवळच्या खेड्यातला. आमच्या गावाला तलाव आहे आणि आमच्या घरी बुधवारी आणि रविवारी माशाचा रस्सा न शिजणं म्हणजे घरात कोणीतरी आजारी असणं. पण खोली हवेशीर होती, वरच्या मजल्यावर होती आणि उमरेडची बस घरापासून पाच मिनिटांवर थांबत होती. मी गळ्याला हात लावला आणि म्हणालो, "नाही काका. मले तर वासही सहन होत नाही."

"ब्येस," ते म्हणाले. "मलेही नाही होत. आमच्या घरात मासा शिजत नाही, येत नाही, त्याचं नावही निघत नाही."

पंधरा दिवसांनी, डिसेंबरातल्या एका रविवारी, हाच माणूस कानटोपी घालून, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या दोन लांबलचक काठ्या खांद्यावर टाकून माझ्या दाराशी उभा. "चाल बाबू, गाडी काढ. मासे धरायले जायचं आहे."

मी डोळे चोळले. म्हातारा जागचा हलला नाही.

तर अशा माणसाच्या घरी मी चार हिवाळे काढले. तसे उन्हाळे-पावसाळेही काढले, पण ते सांगण्यासारखे नाहीत, कारण त्या आठ महिन्यांत काका म्हणजे कोणताही रिटायर्ड कारकून: पेपर, बीपीची गोळी, शेजाऱ्याच्या नळावर लक्ष. नोव्हेंबरात पहिला गारठा पडला की मात्र त्यांच्या अंगात यायचं. पस्तीस वर्षं ते पाटबंधारे खात्यात टेबलावर होते. इतकी धरणं त्यांच्या हाताखालून फायलीत गेली, पण प्रत्यक्ष पाणी त्यांनी म्हणे रिटायर झाल्यावरच पाहिलं. उमरेड रोडवरच्या एका धरणाच्या पाळीवर, त्या दगडी बांधावर, गेले, कोणाच्या तरी हातातला गळ सहज हातात घेतला आणि तिथून जे बिघडले ते बिघडलेच. हे काकूंचे शब्द.

पहिल्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. पाळीवर पंधरा-वीस जण आधीपासून बसलेले. पहाटे पाचला घर सोडून, धुक्यात गाडी चालवून आलेले. नाकं लाल, शेकोटीची राख झालेली, आणि एकाच्याही जाळीत शेपूट नाही. काकांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं मला सांगितलं, "हिवाळ्यातला मासा सरकारी नोकर असते गा. अकराच्या आत येत नाही, तीनच्या नंतर थांबत नाही. मधात त्याचं जेवण. मंग हे पाचले येऊन कोणाले भेटून राह्यले?"

एक-दोघांनी माना वळवून पाहिलं. अशा प्रेमळ बोलण्यामुळे पाळीवर काकांना फारसे मित्र नव्हते.

पण म्हाताऱ्याच्या या फोकनाडीत शास्त्र होतं, हे मान्य करावंच लागेल. रात्रभर पाणी गारठतं तेव्हा मासा खाली जातो, धरण बांधायच्या आधी जो नाला होता त्याच्या जुन्या पात्रात. तिथे तो पडून राहतो, खात नाही, हलत नाही. उन्हं वर आली की पाळीचे दगड तापतात, दगडांना लागून पाणी जरासं कोमट होतं, आणि मग ही मंडळी एकेक करून उन्हाला येतात. आभाळ मोकळं असेल तर येतात, वारं पडलेलं असेल तर येतात. उत्तरेचा वारा सुटला तर नाही येत. त्या दिवशी काका काठ्या चादरीतून न काढताच डबा उघडून बसायचे आणि म्हणायचे, "आज ऑफिस बंद."

काठीला ते मोरपिसाचा दांडा बांधत नसत. तो तरंगणारा दांडा बुडाला की मासा लागला, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं. काकांच्या मते ते पावसाळ्याचं काम. "पावसाळ्यातला मासा अधाशी. गिळते अन् पळते. हिवाळ्यातला फाईल हातात घेते, पाहते, ठेवून देते. दांड्याले काय समजते त्यातलं?" म्हणून गळाच्या दोऱ्याला नायलॉनचा बारीकातला बारीक तंगूस, लहानातला लहान गळ, ज्वारीच्या दाण्याएवढी कणकेची गोळी, आणि तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घेतलेला. बाकी सगळं त्या बोटावर. हातावर माशी बसल्यावर जेवढं कळतं त्याहून कमी कळतं, आणि तेवढ्यात मनगट हलकं वळवायचं. हिसका दिला की तंगूस तुटला.

मला चार हिवाळ्यांत ते कधी धड जमलं नाही. काका मात्र डोळे मिटून बसायचे आणि बोटानं वाचायचे. "ही चिलापी. चुगलखोर आहे, टकटक करते." थोड्या वेळानं: "हा रोहू. सही करायच्या आधी पेन टेकवून पाहते." आणि वर काढल्यावर दहातल्या नऊ वेळा तेच निघायचं. दहाव्या वेळी ते माशालाच शिव्या द्यायचे.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी एक रोहू काढला. तीन किलोच्या खाली नव्हता. मी डोळ्यांनीच त्याचे तुकडे केले, हळद-मीठ लावलं, तव्यावर टाकले. काकांनी आधी पाण्यात हात ओले केले ("कोरड्या हातानं धरू नये, अंगावरचं बुळबुळीत निघते अन् मंग तो मरते"), गळ हळूच सोडवला, माशाला दोन्ही हातांत धरून पाण्यात नेलं आणि त्याला म्हणाले, "जा. खाली जाऊन सांग, नंदनवनवाल्यानं सोडलं." आणि सोडला. तीन किलोचा. मी तोंड फिरवलं तर म्हातारा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "वास सहन होत नाही ना? मले समजते. मलेही पह्यले पह्यले असंच होये."

परतताना मी विचारलं, "काका, खायचा नाही तर धरायचा काहून?"

"तू क्रिकेट पाहते ना?"

"पाहतो."

"मंग बॉल खाते का?"

यावर मी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

घरात काकूंचं राज्य होतं आणि फ्रिजचा खालचा कप्पा हा वादग्रस्त भाग होता. काकांचे कणकेचे गोळे तिथे असायचे. हिवाळ्याची कणीक वेगळी: तेल-तुपाचा थेंब नाही, कारण गारठ्यात ते थिजतं आणि गोळी गोट्यासारखी होते. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, सत्तू, थोडा गूळ, चिमूटभर हिंग. एकदा वाडीच्या गोदामातून, जिथे मी कामाला होतो, रात्रपाळी करून सकाळी घरी आलो. काकू देवळात गेल्या होत्या, पोटात कावळे ओरडत होते. काकूंनीच सांगून ठेवलं होतं की भूक लागली तर फ्रिज उघडत जा. मी उघडला. डब्यात लाडू दिसले. दोन खाल्ले. जरा कच्चे होते, पण मी काकूंच्या हातच्या वस्तूला नाव ठेवणारा माणूस नाही. तिसरा तोंडात असताना काका आत आले. माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो की आता खोली गेली. म्हातारा खुर्ची ओढून समोर बसला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "खरं सांग. हिंग जास्त झाला का?"

मी म्हणालो, जरासा झाला. पुढच्या रविवारी त्यांनी हिंग कमी केला आणि पाळीवर ज्याला त्याला सांगितलं की आमच्या बाबूनं चाखून सांगितलं. ती गोष्ट अजून तिथे सांगतात, असं ऐकतो.

काकांचा खरा राग दोन प्रकारच्या लोकांवर. एक, मोबाइलवर व्हिडिओ काढत मासे धरणारे, ज्यांच्या अंगात सतरा खिशांचं जॅकेट असतं आणि सोळा खिशांत काही नसतं. दुसरे घुंगरूवाले. काठीच्या टोकाला लहानसं घुंगरू बांधायचं, काठी दगडात रोवायची आणि आपण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचं. मासा लागला की घुंगरू वाजतं. पाळीवरचे निम्मे लोक हेच करायचे. काका त्यांच्यासमोरून मुद्दाम चालत जायचे. "घंटी वाजली का उठायचं. चपराशी आहेत का हो तुम्ही?" एकदा एकानं घुंगरू काढून त्यांच्यापुढे धरलं, म्हणाला, काका, घ्या, म्हातारपणी कामात येईल. काकांनी आपलं उजवं बोट त्याच्या नाकापुढे नाचवलं. "हे आहे तवरक मले काही लागत नाही."

हे वाक्य मला पुढे फार आठवलं.

आता जे सांगतो आहे ते तेव्हा आम्हाला सगळं हसण्यासारखं वाटायचं. तिसऱ्या हिवाळ्यात म्हातारा धरणावरून घरी आला तो एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठे पडली, माहीत नाही. गाडीवर मागे बसून सोळा-सतरा किलोमीटर आला, घरात शिरला, पेपर उघडून बसला, आणि काकूंनी विचारल्यावर पायाकडे पाहिलं. नंदनवनभर हसू झालं. मी स्वतः ती गोष्ट गोदामात तीनदा सांगितली. मग चहाचं. धरणाच्या पायथ्याशी एक नवरा-बायकोची टपरी आहे, तिथे स्टीलच्या ग्लासात उकळता चहा मिळतो. आम्ही रुमालात धरायचो. काका सरळ मुठीत धरायचे आणि फुशारकी मारायचे, "आमच्या वेळचे हात आहेत हे." आणि पाण्याचं. पहिले तीन हिवाळे ते स्वतः बोटं बुडवून पाणी पाहायचे. नंतर म्हणायला लागले, "बाबू, तू पाह्य बरं, कसं आहे?" मला वाटलं म्हातारा मला शिकवून राहिला. मी बोट बुडवून मोठ्या ऐटीत सांगायचो, कोमट आहे, गार आहे. एवढा बयताड मी.

चौथ्या हिवाळ्यातला जानेवारी. दुपारचा एक. वारं नाही, ऊन मस्त, पाळीवर लोकांना मासे लागत होते. आजूबाजूला घुंगरं वाजत होती. काकांना दोन तासांत काही नाही. त्या आधीच्या तीन रविवारीही काही नव्हतं. ते डोळे मिटून, बोटावर तंगूस घेऊन, त्यांच्या कोण्या जुन्या साहेबाची गोष्ट सांगत होते. मी त्यांच्या जरा खाली, पाण्याजवळ बसलो होतो, आणि ऊन समोरून असल्यानं तंगूस मला चकाकताना दिसत होता. तो थरथरला. मी काकांकडे पाहिलं. साहेबाची गोष्ट चालू. तंगूस पुन्हा थरथरला, मग जरासा ढिला पडला, मग पुन्हा ताणला. त्यांच्या बोटावरून तो हलताना मला स्पष्ट दिसला. बोट जागचं हललं नाही.

मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "काका, लागला ना."

त्यांनी डोळे उघडले, मनगट वळवलं. उशीर झाला होता. गळ वर आला तो रिकामा, गोळी खाल्लेली. काकांनी गळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू दगडावरून हलला," ते म्हणाले. "पाण्यावर सावली पडली तुझी."

सावली माझ्या मागे होती. काकांनी काठ्या चादरीत गुंडाळल्या. घराशी उतरले आणि म्हणाले, "या महिन्याच्या आखरीले खोली खाली करजो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू पाटोडीच्या रश्श्याची वाटी घेऊन वर आल्या. चार वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्या खोलीत बसल्या. "खोली-बिली काही खाली करायची नाही," त्या म्हणाल्या. "घर माह्या नावावर आहे."

मग त्यांनी सांगितलं. काकांना साखरेचा आजार होता ते मला माहीत होतं. साखरेनं पाय बधिर झाल्याला दोन वर्षं होऊन गेली, ते माहीत नव्हतं. चप्पल त्याच्यातच गेली. दिवाळीपासून हातांची बोटं. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही. "अन् काल काय झालं, सांगतो तुले. मी त्यांचे पाय पाहतो रोज. काल तळव्यात बाभळीचा काटा. अर्धा आत. धरणावरूनच घेऊन आले. मी चिमटा घेतला, ओढला, रक्त निघालं. अन् हे पेपर वाचून राह्यले होते, बाबू. मले म्हणते, कोपऱ्यावरच्या सोनाराची जाहिरात पाह्यली का."

वाटी माझ्या हातात तशीच राहिली. मला फार वाईट वाटलं, आणि चपलेची गोष्ट गोदामात तीनदा सांगितल्याची लाज वाटली. काकूंनी डोळे पुसले नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या चिडल्या होत्या. "मले सांगत नाहीत. मी पाहून राह्यली, अन् यांले वाटते मले दिसत नाही. आता धरण बंद. डॉक्टरनंच सांगितलं, उघड्या पायानं तिकडे पाठवू नका."

धरण बंद झालं. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस त्या घरात जे चाललं ते पाहून हसावं का रडावं तेच कळेना. काकांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली, तंगूसाचं एक टोक हातात घेतलं आणि दुसरं खिडकीतून स्वयंपाकघरात नेलं. काकूंनी फोडणी देता देता मधूनच तंगूस हळूच ओढायचा, माशासारखा. आणि काकांनी बाहेरून सांगायचं. सराव म्हणे.

"ओढला," बाहेरून आवाज.

आत काकू पोळी लाटून राहिलेल्या. तंगूसाला हातही लावलेला नाही. "हो," त्या म्हणायच्या.

मग त्या खरंच ओढायच्या. व्हरांड्यात शांतता. पुन्हा ओढायच्या, जरा जोरानं. शांतता. एका दिवशी त्यांनी इतक्या जोरानं ओढला की काकांच्या बाजूच्या स्टुलावरची चहाची बशी त्यात अडकून खाली पडली आणि फुटली. काका ओरडले, "अवं, मासा आहे का म्हैस?" काकू आत ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी पाणी भरायला गेलो होतो, मला त्या दिसल्या. पदर तोंडात धरला होता. हसत होत्या असं मला आधी वाटलं.

त्याच दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "रविवारी धरणावर जाऊ. मीही येतो."

काका म्हणाले, "तुले मासोळीचा वास येते."

"येऊ दे."

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात, आणि काकांच्या धरणाच्या चौदा वर्षांत, ही बाई तिकडे कधी फिरकली नव्हती. तिच्या अटी होत्या. दोन जोड मोजे. बंद बूट. बूट मुलानं पुण्याहून कधीतरी पाठवलेले, पोपटी रंगाचे, चालायला म्हणून. काकांनी ते कपाटावरून खाली काढले नव्हते. रविवारी ती दोघं ऑटोत आणि मी मागून गाडीवर असे आम्ही निघालो. फेब्रुवारी लागला होता, थंडी जायच्या बेतात होती. पाळीवर काकूंनी पोतं अंथरलं, थर्मास ठेवला, विणकाम काढलं. सगळी पाळ पाहत होती. घुंगरूवाल्यांपैकी एकानं बुटांकडे पाहून तोंड उघडलं, आणि काकूंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

काकांनी मला पाणी पाहायला सांगितलं. मी म्हणालो, कोमट आहे. त्यांनी गोळी लावली, गळ टाकला, तंगूस बोटावर घेतला, डोळे मिटले. आणि बोलले नाहीत. चार हिवाळ्यांत मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. बारा वाजले. साडेबारा. तंगूस चकाकत होता, पण मी ठरवूनच त्याच्याकडे पाहत नव्हतो. एक वेळ दिसलं तर बोलल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही, हे मला माहीत झालं होतं.

काकूंना कंटाळा आला. विणकाम ठेवून त्या म्हणाल्या, "काय असते हो त्याच्यात एवढं? मले पाहू द्या." आणि उत्तराची वाट न पाहता काकांच्या बोटाच्या पुढे, तंगूसावर आपलं बोट ठेवलं. दोन बोटं बाजूबाजूला. थोडा वेळ तशाच बसल्या.

"काय वाटते?" काकांनी विचारलं. डोळे मिटलेलेच.

"हेच का ते?" काकू म्हणाल्या. "हे त केव्हाचं होऊन राह्यलं. मले वाटलं, तुमचाच हात थरथरून राह्यला."

काकांनी डोळे उघडले. त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं, मग काकूंच्या. मला वाटलं आता चिडतील, काठी फेकतील, सावलीचं काही काढतील. त्यांनी हळूच आपलं बोट उचललं आणि तंगूस काकूंच्या बोटावर राहू दिला.

"आता?"

"आता काही नाही."

"आता?"

"थांबा ना. हो. हो, आता."

काकांनी मनगट वळवलं. काठी वाकली. पुढची दहा मिनिटं मी सांगत बसत नाही. ओढ, ढील, ओढ, ढील, काकू पोत्यावर उभ्या, एका हातानं काकांचा स्वेटर मागून धरलेला, आणि सगळे चपराशी आपापली घुंगरं सोडून आमच्याभोवती जमलेले. रोहू होता. काकांनी हात ओले केले, गळ सोडवला, मासा दोन्ही हातांत धरला. मी सवयीनं तोंड फिरवलं.

पण पाण्यात सोडल्याचा आवाज आला नाही. वळून पाहिलं तर म्हातारा मासा घेऊन तसाच उभा.

"हा माह्या बोटावरचा नाही," ते काकूंना म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं. "माह्या बोटाले आता समजत नाही. हा तुह्या बोटावर लागला. तुहा मासा आहे. काय करायचं, तू सांग."

पाळीवर कोणी हसलं नाही. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बोट केलं.

"या पोराले द्या. चार वर्षांपासून सुटलेल्या माशांकडे पाहून पाहून याची मान लांब झाली."

"याले?" काका म्हणाले. "हा खात नाही. याले वास सहन होत नाही."

"रविवारी संध्याकाळी गावाले जाते अन् सोमवारी येते, तवा याच्या डब्याले काय गुलाबाचा वास येते का? पह्यल्याच हप्त्यात समजलं मले."

काका माझ्याकडे वळले. हातात तीन किलोचा रोहू, पायात पोपटी बूट, आणि चेहऱ्यावर असा धक्का की बोटं गेल्याचं त्यांना तेवढं लागलं नसावं. "तू मासे खाते बे?"

मी खाली पाहिलं. "बुधवारी अन् रविवारी, काका."

"अन् मी याच्यापुढे चार वर्षं सोडून राह्यलो," ते माशाला म्हणाले.

टपरीवालीनं तो कापला, हळद-तिखट लावलं, तव्यावर तळला. काकू नाकाला पदर लावून दहा हात लांब बसल्या, पण बसल्या. काका माझ्या समोर, स्टुलावर. चहाचा ग्लास आज त्यांनी रुमालात धरला होता. काकूंनीच धरायला लावला होता. मी खाली मान घालून खात होतो, आणि खरं सांगतो, अशी चव मला आमच्या घरच्या रश्श्यालाही कधी लागली नव्हती. रोहूत काटे फार. घाईघाईत एक काढायला गेलो तर बोटात घुसला. मी हात झटकला. बोटावर रक्ताचा थेंब आला.

काकांनी ग्लास खाली ठेवला. माझा हात ओढून जवळ घेतला आणि ते बोट उन्हात धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"टोचला का?"

"टोचला, काका."

"दुखते?"

"हो. दुखते."

"ब्येस आहे," ते म्हणाले, आणि माझा हात सोडला. "जेव आता."